गावचा इतिहास गावाच्याच रंगमंचावर: पहिल्यांदा नाटक बसवणाऱ्यांसाठी

आमच्या गावानं प्लेगाच्या सालाचं नाटक बसवलं तेव्हा हे कसं करायचं ते सांगणारं जवळपास कुणी नव्हतं. शिवजयंतीच्या चित्ररथावर सजीव देखावा उभा करायची आमच्या पोरांना सवय होती, यात्रेत बाहेरून आणलेलं नाटक बघायची गावाला सवय होती. पण आपल्याच गल्लीत घडलेली गोष्ट आपल्याच माणसांनी उभी करायची, हे नवं होतं. आठ महिने लागले, आणि त्यातले निदान तीन महिने चुका निस्तरण्यात गेले. त्यानंतर आसपासच्या गावांतून 'ताई, सुरुवात कुठून करायची?' असे फोन यायला लागले. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

मी मूळची चंदगडकडची. लग्न होऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आले आणि प्राथमिक शाळेत शिकवते. नाटकाचं शिक्षण घेतलेलं नाही, तेव्हा इथं लिहिलेलं सगळं करून बघितलेलं आहे.

'आपल्याकडं कुठलं आलंय नाटक?' असं गावात कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले आणि १८८५ साली तिथंच वारले. कन्नडमधले पारिजात आणि सण्णाटा हे लोकनाट्याचे खेळही याच मातीतले. आपण परकं काही करत नाही.

१. विषय लहान घ्या

पहिल्या बैठकीत हमखास दोन नावं निघतात: शिवाजी महाराज आणि इंग्रजांशी लढलेला कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा. दोघांवरही आपला जीव आहे. पण किल्ला, दरबार, लढाई, घोडे हे सगळं पहिल्याच नाटकात पेलत नाही, आणि गावाला ती गोष्ट आधीपासून पाठ असते. तुमच्या गावाचा त्या गोष्टीशी थेट धागा असेल तरच ती घ्या. रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिली ती नंदगडला, म्हणून नंदगडकरांनी ते नाटक केलं तर ते त्यांच्या घरचं ठरेल. तिथंही मी म्हणेन, रायण्णाचं सगळं चरित्र घेऊ नका. त्या दिवशी सकाळी नंदगडच्या घराघरांत काय चाललं असेल, तेवढंच धरा.

बाकी आपल्या भागात विषयांना तोटा नाही. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यासाठी टिळकवाडीत विजयनगर नावाची छावणी वसवली आणि पाण्यासाठी विहीर खणली. ती विहीर आजही आहे. तिथं मातीच्या पाट्या उचलणारी माणसं कुठल्या कुठल्या गावची होती, हा एक अख्खा नाटकाचा विषय आहे. हुदली हे गंगाधरराव देशपांड्यांचं गाव, तिथं खादी रुजली. निपाणीकडं १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवणारी, महामार्गावर बसलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांच्याकडं आजच जा. हिडकल धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरी तर विषय शोधायलाही लागणार नाही.

विषय ठरला की तो एका वाक्यात सांगून बघा. आमचं वाक्य होतं: 'उंदीर पडायला लागले आणि गाव माळावर गेलं.' वाक्यात दोन-तीन वेळा 'आणि मग' आलं तर विषय मोठा झालाय, कापा.

सापळा: कोर्टात असलेला जमिनीचा वाद, यात्रेतला मानपान, गेल्या निवडणुकीतलं भांडण यांच्या जवळून जाणारा विषय घेऊ नका. नाटक त्या भांडणाचं होऊन बसतं.

सीमाप्रश्नाबद्दलही स्पष्ट सांगते. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मागं मुंबई राज्यात राहिला. माझं माहेर आणि सासर एकेकाळी एकाच जिल्ह्यात होतं, आज दोन राज्यांत आहे. हा माझ्या घरातला इतिहास आहे आणि तो मला दुखतो. तरीसुद्धा पहिलं नाटक त्यावर करू नका. परवानगीला अडचण येते ते सोडाच. गावातली कन्नड बोलणारी घरं तालमीला येणार नाहीत, आणि ती घरं नसतील तर रंगमंचावरचं गाव अर्धंच राहील. प्लेगानं भाषा विचारली नव्हती.

२. लिहायच्या आधी गाव ऐका

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आम्ही दोन महिने दिले, आणि ते कमीच पडले.

म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन 'गावचा इतिहास सांगा' म्हटलं की ती घाबरतात नाहीतर शाळेच्या पुस्तकातलं सांगायला लागतात. 'आम्हाला काय कळतंय बाई, गुरुजींना विचारा' हे उत्तर मी वीस वेळा ऐकलं. मग मी प्रश्न बदलला. आमच्या वरच्या गल्लीतली एक आज्जी, नव्वदीला टेकलेली. तिच्या सासूनं लहानपणी प्लेग बघितलेला. मी विचारलं, "आज्जी, माळावर जाताना सामान काय काय नेलं म्हणून सांगायच्या तुमच्या सासूबाई?"

आज्जी लगेच म्हणाली, "जातं नेलं की ग गाडीतनं. खुंटा मागं ऱ्हायला."

आणि मग उलगडत गेलं. जातं गाडीत चढवताना खुंटा काढून ठेवला होता, तो चुलीजवळच राहिला. शिसवी खुंटा, सासूच्या आईला तिच्या बापानं कातून दिलेला. माळावर काठी तासून दुसरा बसवता आला असता, पण तिनं ऐकलं नाही. दिवस मावळताना ती एकटी गावात परत गेली. दारं उघडी, चुली गार. 'कुत्रं सुदिक भुकलं नाही' एवढं वाक्य सासू दरवेळी सांगायची, आणि तिथंच थांबायची. आज्जी पण तिथंच थांबली. मग उठली, माळ्यावरच्या कणगीमागं हात घातला आणि तो खुंटा काढून माझ्या हातात दिला. वरचा भाग हाताच्या घामानं काळा गुळगुळीत झालेला, खाली जिथं दगडात बसतो तिथं खाच पडलेली.

आमचं नाटक त्या दुपारी सापडलं. तोवर आमच्याकडं नुसती साथ होती, माणूस नव्हता.

ऐकायला जाताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी:

– बायकांकडं दुपारी जा, जेवणं आवरल्यावर. पुरुषांना पारावर गाठू नका, तिथं एकजण बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. घरी जा.
– दोघांनी जावं. एकानं बोलायचं, एकानं लिहायचं. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावण्याआधी विचारा, आणि सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव, वय बोलून घ्या. त्याच रात्री दुसऱ्या मोबाईलवर प्रत टाका. आमच्या चार मुलाखती एका बिघडलेल्या मोबाईलबरोबर गेल्या, आणि त्यातली एक काकी पुढच्या पावसाळ्यात वारली.
– सामान, जेवण, कपडे, वाट, पाणी, रात्र यांबद्दल विचारा. साल विचारू नका. साल चुकलं तर दुरुस्तही करू नका, बोलणं तिथंच थांबतं.
– ओव्या विचारा. जात्यावरच्या ओवीत दुष्काळ, साथ, रेल्वे सगळं येतं.
– कन्नड घरी जाताना ती भाषा चांगली येणारं माणूस सोबत न्या. तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये विचारलं की तेवढंच तोडकंमोडकं उत्तर मिळतं.
– एकाच माणसाकडं दोनदा जा. खरी गोष्ट दुसऱ्या वेळी येते.

३. कागदाशी ताडून बघा

पहिला प्रश्न: इंग्रजी अंमलात तुमचं गाव नेमकं कुणाच्या ताब्यात होतं? आपल्या जिल्ह्यात हे गावागणिक बदलतं. बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूरकडं होतं, रामदुर्ग स्वतःच संस्थान होतं. हे कळलं नाही तर तुम्ही बेळगावात कागद शोधत राहाल आणि कागद कोल्हापूरला असतील.

मग क्रमानं हे बघा. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे, १८८४ सालचा, इंग्रजीत. नेटवर फुकट मिळतो. गावाचं नाव जुन्या स्पेलिंगनं शोधा. कॉलेजात जाणाऱ्या पोरांना हे काम द्या, त्यांना त्यात गोडी लागते. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीनं बघा. एखाद्या वर्षी एकदम पटसंख्या घसरलेली दिसली की त्यामागं काहीतरी घडलेलं असतं. देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या बघा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, आणि 'तरुण भारत' १९१९ पासून निघतोय, तेव्हा त्यानंतरचा विषय असेल तर जुने अंक कुठं बघायला मिळतील त्याची चौकशी करा.

कुलकर्ण्यांच्या किंवा पाटलांच्या घरी मोडीतले कागद निघाले तर ते आहेत तसे फोटो काढून परत द्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मोडी वाचणारी माणसं बेळगाव-कोल्हापुरात भेटतात. गावात वीरगळ किंवा शिलालेख असेल तर अक्षरं दिसावीत म्हणून त्यावर खडू, तेल, रंग काही लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप आडवी पडते तेव्हा फोटो काढा, अक्षरं आपोआप उठतात. हलशीसारख्या गावाला, जे कदंबांच्या काळात पलाशिका म्हणून राजधानी होतं, तिथं तर दगडच बोलतात.

आमच्या विषयात कागद आणि आठवण चांगली जुळली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडं पसरला. उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे तेव्हा ठिकठिकाणी झालं. हाफकिनची लस १८९७ ची. लस टोचून घ्यायला लोक घाबरायचे हेही आम्ही दोन घरांत ऐकलं.

आम्ही संहितेच्या समासात पेन्सिलीनं चार खुणा करायचो: कागदात सापडलं, दोघांनी सांगितलं, एकानंच सांगितलं, आपण रचलं. ही सवय लावून घ्या. प्रयोगानंतर कुणी 'हे कुठनं आणलं?' म्हणून उठलं तर तुमच्याकडं उत्तर असतं.

४. संहिता: बोली हीच खरी

लांबी सव्वा तासाच्या पुढं नेऊ नका. मोठ्यानं वाचून घड्याळ लावा, वर पंधरा मिनिटं धरा. हौशी नट पहिल्या प्रयोगात एक तर फार भरभर बोलतात नाहीतर थबकतात.

पहिला खर्डा मी लिहिला तेव्हा माझी पात्रं 'आपण कोठे निघालात?' असं बोलत होती. वाचनाला बसलेला दहावीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, ह्ये आमच्या गावात कोण बोलतंय?" मी गप्प झाले. मग 'कुठं जाऊलास गा?' 'रानाकडं जाऊलोय' असं लिहायला लागले आणि पात्रं उठून चालायला लागली. आपली बोली टीव्हीवर ऐकू येत नाही, पुस्तकात फारशी येत नाही. रंगमंचावर ती आली की मागच्या रांगेतले म्हातारे पुढं सरकून बसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कन्नड पात्रांना कन्नडच बोलू द्या. अर्थ समोरच्याच्या मराठी उत्तरातून कळतो, बाजारात रोज तेच तर होतं. प्रसंग जोडायला पारिजातातल्या भागवतासारखा एक सांगणारा ठेवा, म्हणजे पडदा पाडून सामान हलवायची कटकट वाचते.

आता एक अवघड गोष्ट. प्लेगात मढी उचलली कुणी, मेलेले उंदीर गोळा केले कुणी, हे विचारत गेल्यावर बोट गावकुसाबाहेरच्या वस्तीकडं गेलं. कागदात त्या माणसांची नावं नाहीत. आमच्यातले काहीजण म्हणाले, 'ते नको, उगाच वाद.' मी अडून बसले. ज्यांनी गावाचे मुडदे उचलले त्यांना गावाच्या नाटकातून वगळायचं असेल तर मला ते नाटक करायचं नव्हतं. पण ते प्रसंग आम्ही आमच्या मनानं लिहिले नाहीत. त्या वस्तीतल्या थोरांसमोर बसलो, त्यांनी सांगितलं ते लिहिलं, पहिलं वाचन त्यांच्याच समाजमंदिरात केलं. दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली, आम्ही काढली. एक वाक्य त्यांनी घातलं, आणि प्रयोगात सगळ्यात जास्त शांतता त्या वाक्याला झाली. तुमच्याही विषयात अशी माणसं असतील. त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी त्यांच्याकडं जा.

सापळा: खरी आडनावं. ज्या घराण्याचा माणूस भला दाखवलाय तेही नाराज होतात, कारण शेजारचा जास्त भला दाखवलेला असतो. नावं बदला. खरं नाव ठेवायचंच असेल तर त्या घरच्यांसमोर संहिता वाचून लेखी संमती घ्या.

५. माणसं आणि महिने

आधी महिने ठरवा. भात कापणी-मळणीत माणूस मिळत नाही, ऊसतोड चालू असलेल्या भागात जानेवारी-फेब्रुवारीही कठीण, मार्चमध्ये परीक्षा. आम्ही पावसाळ्यात ऐकलं आणि लिहिलं, सुगी आटपल्यावर तालमी घेतल्या, आणि उन्हाळ्यातल्या यात्रेत प्रयोग केला. एखादं वर्ष थांबावं लागलं तर थांबा.

देवस्थान पंच कमिटी, युवक मंडळ, महिला मंडळ यांना वेगवेगळं न भेटता एका बैठकीत बोलवा. कुणाला नंतर कळलं की तो विरोधात जातो. बायका रंगमंचावर हव्या असतील तर नुसतं त्यांना विचारून भागत नाही. मी सहा घरी जाऊन सासूबाईंशी बोलले, तालीम कुठं, किती वाजेपर्यंत, घरी सोडायला कोण, हे सांगितलं. एका सासूबाईंनी सुनेला पाठवलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून स्वतःही आल्या. त्यांनी नाटकात सुईण केली.

भूमिका वाटताना गावातल्या मानाप्रमाणं वाटू नका. सगळ्यांकडून सगळी पात्रं वाचून घ्या. ज्यांना मोठं काम मिळालं नाही त्यांना गर्दीत उभं करून विसरू नका. माळावरच्या प्रसंगात आम्ही प्रत्येकाच्या हातात एक वस्तू दिली, आणि ती आपल्याच घरची आणायला सांगितली.

६. तालीम

आठवड्यातून चार दिवस, रात्री आठ ते दहा, चाळीसेक तालमी धरा. पहिले दहा दिवस नुसतं वाचन. पाठांतराची घाई केली की चुकीची लय पाठ होते आणि मग निघत नाही. जागा प्रत्यक्ष रंगमंचाएवढी जमिनीवर चुन्यानं आखून घ्या. मोबाईल एका टोपलीत.

शेवटच्या दहा दिवसांत दररोज पूर्ण प्रयोग, मध्ये न थांबवता. प्रॉम्प्टरला पहिल्या दिवसापासून बसवा. ऐन वेळी बसवलेला प्रॉम्प्टर नटाला गोंधळवतो. आणि ज्यांच्या आठवणी घेतल्या त्या म्हाताऱ्यांना निदान एका तालमीला खुर्ची टाकून बसवा. आमच्या नायिकेला जात्यावर बसायला येत नव्हतं, पाय दुमडून बसायची. आज्जीनं काठी टेकत येऊन दाखवलं: एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि खुंट्याला दोन्ही हात नाहीत, एक हात दाण्यांची वैरण घालायला मोकळा. ते पुस्तकात मिळालं नसतं.

७. परवानग्या आणि कागदपत्रं

हे काम महिनाभर आधी सुरू करा, आणि एकाच चिकाटीच्या माणसाकडं द्या. अर्ज कन्नडमधून लिहा. इथं कचेरीचा कारभार कन्नडमधून चालतो आणि काम लवकर होतं. आमचा पहिला अर्ज परत आला, कारण जागेचं संमतीपत्र जोडलं नव्हतं. आठ दिवस गेले.

– मंडळाचा किंवा पंच कमिटीचा ठराव, सह्यांसह
– जागेचं संमतीपत्र: देवस्थान, शाळा किंवा शेतमालक, जे असेल त्यांचं. शेत असेल तर उताऱ्याची प्रत
– ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र. पीडीओ साहेबांना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) प्रत्यक्ष भेटा
– पोलीस ठाण्याला अर्ज: तारीख, वेळ, अंदाजे गर्दी, ध्वनिक्षेपकाची परवानगी
– संहितेची प्रत आणि थोडक्यात कथा, कन्नडमध्ये एक पान
– दोन जबाबदार माणसांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि फोन नंबर
– हेस्कॉमकडं, म्हणजे वीज कंपनीकडं, तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज
– लहान मुलं असतील तर पालकांची संमतीपत्रं

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. ध्वनिक्षेपकाची मर्यादा रात्री १० ची आहे. सणासुदीला सरकार काही दिवस १२ पर्यंत सूट देतं, पण तुमचा दिवस त्यात आहे हे गृहीत धरू नका. आरती, सत्कार, भाषणं यांत वेळ जातो आणि शेवटचा प्रसंग दहाला अडकतो. सत्कार दुसऱ्या दिवशी ठेवा. आम्ही ठेवले, कुणाचं काही अडलं नाही.

एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात प्रयोग करायचा विचार असेल आणि तिथं पुरातत्त्व खात्याचा फलक असेल तर खात्याची परवानगी वेगळी लागते. त्यापेक्षा बाहेरचा माळ बघा.

बॅनर कन्नड आणि मराठी दोन्हींत छापा.

गाण्यांबद्दल: हौशी मंडळींनी फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण तेच चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं की सिनेमाच्या गाण्यावर हक्क सांगितला जातो. गावच्याच ओव्या, भजनं, धनगरी ढोल, हलगी वापरा. ऐकायलाही तेच बरं.

८. रंगमंच, दिवे, आवाज

तीस बाय वीस फूट पुरतो, उंची चार फूट. मागं शहरातून भाड्यानं आणलेला राजवाड्याचा पडदा लावू नका. आम्ही काळं कापड लावलं आणि एक झोपडी खऱ्या गवताची शाकारली. ती शाकारायला तीन म्हातारे आपणहून आले.

आवाजावर पैसे खर्च करा. यात्रेत डीजे लावणारा माणूस नाटकाला चालत नाही. नाटकाचा आवाज केलेला माणूस शोधा. पुढं रंगमंचाच्या कडेला खाली ठेवलेले तीन-चार माईक, वर दोन टांगलेले, मुख्य पात्रांना कॉलर माईक. वारा किती सुटतो ते त्याच वेळेला, त्याच जागी, आठवडाभर आधी बघून या. दिव्यांना हॅलोजन नकोत, सगळे चेहरे पांढरे पडतात. चार-सहा पार लाइट (रंगमंचाचे डब्यासारखे दिवे) आणि उजेड कमी-जास्त करायला एक डिमर पुरे. जनरेटर रंगमंचापासून लांब, आणि डिझेल आदल्या दिवशीच भरून ठेवा.

तलवारी लाकडी. मशाली पेटवायच्या असतील तर दोन माणसं पाण्याच्या घागरी आणि वाळूच्या बादल्या घेऊन विंगेत उभी हवीत, आणि गवताच्या झोपडीजवळ मशाल नको.

९. पैसा

पावतीपुस्तक छापा, एका माणसाकडं पैसे, दुसऱ्याकडं हिशेब. मोठ्या देणगीदारानं 'माझ्या आजोबांचाही एक प्रसंग घाला' म्हटलं तर नम्रपणं नाही म्हणा; आम्हाला एक देणगी त्यामुळं सोडावी लागली आणि ते बरंच झालं. जेवणं घराघरांतून वाटून घ्या. प्रयोगानंतर आठ दिवसांत हिशेब देवळाच्या फलकावर लावा.

१०. प्रयोगाचा दिवस

सकाळी ग्रामदैवताला नारळ, दुपारी रंगीत तालीम नाही, फक्त आवाज आणि दिवे. नटांनी दुपारी झोपावं. रंगभूषा चारला सुरू करा, बायकांसाठी वेगळी, नीट बंद होणारी जागा हवी. सामानाची यादी विंगेत चिकटवा आणि प्रत्येक वस्तूपुढं तिच्या मालकाचं नाव लिहा.

सुरू होण्याआधी सांगणाऱ्यानं दोन मिनिटांत स्पष्ट सांगावं की यातलं काय कागदात आहे, काय आठवणीतलं आहे आणि काय आम्ही रचलंय. गाव ते समजून घेतं.

पहिल्या रांगेत पुढाऱ्यांसाठी सोफे टाकण्याचा आग्रह होईल. ती रांग ज्यांनी आठवणी दिल्या त्यांच्यासाठी राखा.

११. प्रयोगानंतर

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना चहाला बोलवा आणि लोक काय म्हणाले ते लिहून घ्या. प्रयोग बघून माणसांना नव्या आठवणी येतात. आमच्याकडं त्या आठवड्यात अकरा माणसं 'आमच्या घरातही असंच' म्हणून आली. संहितेची एक छापील प्रत शाळेत, एक वाचनालयात. मुलाखतींची रेकॉर्डिंगं त्या त्या घरच्यांना पेन ड्राइव्हवर द्या.

आणि घेतलेलं सामान दुसऱ्याच दिवशी पोचवा, यादी हातात धरून, पुसून. मी खुंटा घेऊन आज्जीकडं गेले तेव्हा ती सोप्यात बसली होती. जातं तिच्या नातवांनी माळ्यावरून खाली काढून ठेवलं होतं. तिनं खुंटा घेतला, दगडाच्या भोकात बसवला, तळहातानं दोनदा ठोकला आणि म्हणाली, "जोंधळं आण जा ग थोडं आतनं, मूठभर."